ओसरीवरच्या गोष्टी : पाहुणे किती आणि गिऱ्हाइकें किती?

मोटारींच्या जाहिराती हा विषय या सदरांत आलेला पाहून आमच्या कित्येक वाचकांस नवल वाटेल. आम्हीं आयुष्यभर मुलांस शब्द चालविण्यास शिकविलें. मोटार चालविण्यास आम्ही स्वतः कधीं शिकलों नाहीं. परंतु २०२५ च्या भाऊबीजेस आमच्या घरीं एक प्रसंग उद्भवला व त्यामुळें या विषयाचा आम्हांस मुळापासून विचार करावा लागला. ज्या घरांत चार कर्ते पुरुष आणि एक सामायिक तिजोरी आहे, अशा कोणत्याहि घरीं तो प्रसंग उद्यां येऊं शकेल. म्हणून तो येथें सांगतों.

आमचा धाकटा पुतण्या जळगांवीं राहून जुन्या मोटारींच्या जाहिरातींचा धंदा करतो. ज्यास मोटार विकावयाची असेल तो गाडीचें वर्णन, छायाचित्रें व किंमत त्याच्याकडे देतो. पुतण्या ती जाहिरात आपल्या संकेतस्थळावर मांडतो. गिऱ्हाईक ती मोबाईलवर पाहतें, फोन करतें, गाडी पाहावयास येतें. आणि सौदा जमल्यास पुतण्यास दलाली मिळते. जळगांवच्या एमएच १९ व धुळ्याच्या एमएच १८ या दोन पाट्यांच्या गाड्या, एवढेंच त्याचें क्षेत्र. धंद्याचें भांडवल मात्र घरांतून गेलेलें आहे. आमच्या मातुःश्रींनीं अखेरपर्यंत जपलेली एक ठेव सर्वांच्या संमतीनें मोडून ती त्यास दिली होती. तेव्हां त्याच्या धंद्यांतील नफातोटा हा त्याच्या एकट्याचा नव्हे.

भाऊबीजेचीं जेवणें आटोपल्यावर त्यानें ओसरीवर एक रंगीत अहवाल पसरला. त्याच्या संकेतस्थळावर लोक आणून सोडण्याचें काम एका जाहिरातवाल्यांकडे दिलेलें आहे. त्यांनींच तो तयार केला होता. २०२४ च्या सप्टेंबरापेक्षां २०२५ च्या सप्टेंबरांत पाहुण्यांची संख्या पुष्कळ वाढल्याचें त्यांत दाखविलें होतें, आणि शेवटच्या पानावर अशी सूचना होती कीं, आतां दरमहाचा खर्च दुप्पट करावा. पुतण्यास ती पटली होती व त्यासाठीं त्यास तिजोरींतून आणखी रक्कम हवी होती. सर्वजण चित्रें पाहण्यांत गढले असतां आमच्या वहिनींनीं, म्हणजे त्याच्या मातोश्रींनीं, पानाचा विडा लावतां लावतां एवढेंच विचारलें, "इतकी माणसं आली म्हणतोस, मग गाड्या किती गेल्या?"

पुतण्या घोटाळला. म्हणाला, "आई, ते ह्यात नसतं."

त्या उत्तरानें बैठक तेथेंच थांबली. आम्हीं तो अहवाल पंधरा दिवसांसाठीं मागून घेतला.

आमच्या तरुणपणीं मोटारीस जाहिरात फारशी लागत नसे. ॲम्बॅसिडर किंवा फियाट घ्यावयाची तर नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुति ८०० ही गाडी पहिल्या ग्राहकांच्या हातीं पडली, आणि १९९१ नंतर परदेशी कारखाने येथें येऊं लागले, तेव्हां कोठें विकणारानें गिऱ्हाईक शोधण्याचे दिवस आले. जुन्या गाड्यांचे सौदे मात्र बराच काळ गॅरेजवाल्याच्या ओळखीनें किंवा वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातींवरून होत राहिले. २००५ मध्यें ‘कारवाले’ आणि २००९ मध्यें ‘कारट्रेड’ असे दोन उद्योग निघाले. २०१५ मध्यें दुसऱ्यानें पहिल्यास विकत घेतलें, आणि ऑगस्ट २०२१ मध्यें नवी मुंबईची ही कंपनी शेअरबाजारांत आली. समभाग विकतांना तिनें जे आंकडे लोकांपुढें ठेवले, त्यांत आपल्या संकेतस्थळांवर दरमहा किती पाहुणे येतात हाहि एक होता. दुकानावरून जाणाऱ्यायेणाऱ्यांची संख्या हीच आतां दुकानाची एक संपत्ति मानली जाऊं लागली आहे.

जाहिरात आणि यंत्र यांची जोडी महाराष्ट्रास नवी नाहीं. १९२० मध्यें ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक निघालें, तें कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोंचविण्यासाठींच. परंतु नांगराच्या जाहिरातीवर किती शेतकऱ्यांची नजर थांबली, हें कळण्याचा मार्ग त्या काळीं नव्हता. आज तो आहे. ‘अर्चिन’ नांवाची एक कंपनी गूगलनें २००५ मध्यें विकत घेतली, व त्याच वर्षीं तिची मोजणीची सोय ‘गूगल ॲनॅलिटिक्स’ या नांवानें सर्वांस खुली केली. जाहिरातीच्या दुव्यास ‘यूटीएम’ म्हणून जी खूणचिठ्ठी जोडतात, तींतील ‘यू’ हें त्या अर्चिनचेंच आद्याक्षर होय. ती चिठ्ठी नीट जोडली असली, म्हणजे पाहुणा वर्तमानपत्रांतील क्यूआर कोडावरून आला कीं व्हॉट्सॲपवरून आला, हें वेगळें ओळखतां येतें. साधन उत्तम आहे, यांत शंका नाहीं.

पण व्याकरण शिकविणाऱ्यास पहिला प्रश्न पडतो तो हा कीं, या शब्दाचा अर्थ काय? अहवालांतील ‘पाहुणा’ म्हणजे मनुष्य असें आम्ही समजत होतों, तसें नाहीं. यंत्र सामान्यतः मोबाईल किंवा संगणक ओळखतें. एकच गृहस्थ सकाळीं स्वतःच्या मोबाईलवर आणि दुपारीं कचेरींतील संगणकावर तीच गाडी पाहील तर ते बहुधा दोन पाहुणे होतात; आणि आमच्या घरच्यासारखीं पांच माणसें एकाच मोबाईलभोंवतीं बसून गाडी निवडतील तर तो एकच पाहुणा. ‘सेशन’ म्हणजे फेरी. मधें अर्धा तास कांहीं हालचाल झाली नाहीं, तर मूळच्या नियमाप्रमाणें ती फेरी संपली असें धरतात. म्हणजे गाडी पाहतां पाहतां जेवावयास उठलेला मनुष्य हात धुऊन परतला कीं त्याची दुसरी फेरी सुरू झाली. ‘रमलेली फेरी’ असा एक गौरवाचा शब्द अहवालांत होता; तीस दहा सेकंदांहून अधिक काळ पुरतो. दहा सेकंदांत आमचा चष्माहि सांपडत नाहीं.

गांवाची नोंद याहून कच्ची. मोबाईलवरील पाहुणा कोठला, याचा तर्क यंत्र त्याच्या जोडणीच्या पत्त्यावरून करतें. आणि टेलिफोन कंपनीची ती जोडणी कित्येकदां मोठ्या शहरांतून फिरून येते. त्यामुळें धुळ्याच्या पांचकंदिलापाशीं उभा असलेला मनुष्य अहवालांत मुंबईकर म्हणून नोंदला जाण्याचा संभव असतो. आणखी एक गोष्ट : १ जुलै २०२३ पासून या यंत्रांतील जुन्या पद्धतीची मोजणी थांबून नवी चालू झाली व तींत कित्येक व्याख्या बदलल्या. त्या तारखेच्या अलीकडचे व पलीकडचे आंकडे सरसकट शेजारीं मांडणें म्हणजे पायलीनें मोजलेलें धान्य किलोच्या हिशेबांत लिहिण्यासारखें आहे.

दुसरा प्रश्न असा कीं, मोजतो कोण आणि मोजण्यावर त्याचें काय अवलंबून आहे? हा धडा शिक्षकांइतका कोणास ठाऊक असणार! शाळेंत ‘पट’ निराळा, ‘हजेरी’ निराळी, आणि शिकून पुढें गेलेलीं मुलें निराळीं. पण शिक्षकांच्या जागा व अनुदान पटावर ठरूं लागलें, तेव्हां कित्येक शाळांचे पट फुगले; आणि शेवटीं ऑक्टोबर २०११ मध्यें सरकारास राज्यभर एकाच वेळीं पटपडताळणी करावी लागली. वर्तमानपत्रांचेंहि तसेंच. आपला खप प्रत्येकानें आपणच सांगावा आणि जाहिरातदारानें तो मुकाट्यानें मानावा, हें चालेना. म्हणून खपाची तपासणी करणारी ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही संस्था १९४८ मध्यें आपल्या देशांत स्थापन झाली. पुतण्याच्या प्रकरणांत पाहुणे आणणारे, पाहुणे मोजणारे आणि पाहुण्यांच्या संख्येवर मोबदला घेणारे हे तिघेहि एकच होते. ते लबाड होते असें आम्ही म्हणत नाहीं. पण परीक्षार्थ्यानेंच आपली उत्तरपत्रिका तपासावी, ही रीति कोणत्याहि शाळेंत मान्य होणार नाहीं.

तिसरा प्रश्न तुलनेचा. २०२४ चा सप्टेंबर आणि २०२५ चा सप्टेंबर या दोहोंस सारखेच तीस दिवस. परंतु पंचांग उघडलें म्हणजे दोहोंतील भेद दिसतो. २०२४ मध्यें सप्टेंबराचा उत्तरार्ध पितृपक्षांत गेला व घटस्थापना ३ ऑक्टोबरास झाली. २०२५ मध्यें पितृपक्ष २१ सप्टेंबरास संपला व २२ तारखेसच घट बसले. आपल्याकडे पितृपक्षांत मोटार कोणी सहसा दारीं आणीत नाहीं. दसरा, दिवाळींतील पाडवा, वर्षप्रतिपदा आणि खानदेशांत विशेषेंकरून आखाजी, हे गाडी आणण्याचे दिवस. त्यांतच ३ सप्टेंबर २०२५ रोजीं जीएसटी परिषदेनें लहान मोटारींवरील कर २८ टक्के व वरचा उपकर यांऐवजीं १८ टक्के केल्याचें जाहीर झालें, आणि नवा दर लागू झाला तोहि नेमका २२ सप्टेंबरास! नव्या गाड्या स्वस्त होणार म्हटल्यावर जुन्यांचे भाव पाहावयास लोक धांवले असतील, तर त्यांत जाहिरातवाल्यांचें कौशल्य तें कोणतें? कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली. शास्त्रकारांनीं यासच काकतालीय न्याय म्हटलें आहे. दसऱ्याची तुलना दसऱ्याशीं करावी, हें मुंबईच्या यंत्रास कळत नसेल. धुळ्याच्या माणसास कळावयास हवें.

यानंतर वहिनींच्या प्रश्नाकडे आम्ही वळलों. चाळीसगांवजवळच्या पाटण येथें भास्कराचार्यांच्या नातवानें, चांगदेवानें, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. त्या भूमींतल्या माणसास त्रैराशिक अवघड वाटूं नये. समजा, जळगांवसाठीं १०,००० रुपये खर्चिले. २,००० फेऱ्या झाल्या, ४० जणांनीं विचारणा केली, ४ जण गाडी पाहावयास आले व १ गाडी विकली गेली. धुळ्यासाठींहि १०,००० च खर्चिले. फेऱ्या ५०० च झाल्या, पण ३० जणांनीं विचारणा केली, १२ आले व ३ गाड्या विकल्या गेल्या. फेरीमागें खर्च पाहिला तर जळगांवास ५ रुपये व धुळ्यास २० रुपये. धुळें चौपट महाग! विक्रीमागें पाहिला तर जळगांवास १०,००० आणि धुळ्यास सुमारें ३,३३३. आतां धुळें तिपटीनें स्वस्त! पैसे तेच, गांवें तींच, भागाकार मात्र दोन. ज्यास धुळ्याचा खर्च बंद करावयाचा असेल तो पहिला भागाकार दाखवील.

येथें एक सावधगिरीची सूचना. भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यास एक शीत पुरतें, असा स्थालीपुलाक न्याय आहे. पण तो एका भांड्यापुरता. जळगांव व धुळें हीं दोन भांडीं आहेत, आणि एका महिन्याच्या एक व तीन विक्रींवरून कोणतेंहि भांडें उतरवूं नये. निदान एक सण ते दुसऱ्या वर्षींचा तोच सण, इतका काळ वही ठेवावी व मग बोलावें.

इतकी तयारी करून आम्ही कार्तिकी एकादशीनंतर धुळ्याहून जळगांवीं गेलों. पुतण्याच्या कचेरींत बसून आम्ही हें सर्व त्यास समजावीत होतों व तोहि वहींत उतरून घेत होता. इतक्यांत साक्री तालुक्यांतील एक शेतकरी गृहस्थ दहाअकरा वर्षांच्या मुलीस घेऊन आंत आले. दोन एस.टी. बदलून ते आले होते. धुळें ते जळगांव हाच नव्वदएक किलोमीटरांचा रस्ता, साक्री तर धुळ्याच्याहि पलीकडे. त्यांनीं मोबाईल पुढें केला व विचारलें, "भाऊ, ही पांढरी गाडी शे ना?"

ती गाडी दसऱ्यासच विकली गेली होती.

पुतण्यानें त्यांस दुसऱ्या दोन गाड्या दाखविल्या. त्या त्यांच्या ऐपतीबाहेरच्या होत्या. आईस दर आठवड्यास धुळ्यास इस्पितळांत न्यावें लागतें, म्हणून गाडी पाहत होते. त्यांनीं आदल्या दिवशीं फोनहि केला होता. तेव्हां कचेरींतल्या मुलानें "या, बघून घ्या" एवढेंच सांगितलें होतें. ते गृहस्थ रागावले नाहींत. "नव्हती तर फोनवर सांगायचं ना, भाऊ," इतकें म्हणून मुलीचा हात धरून निघून गेले. त्यांस चहा विचारण्याचेंहि आम्हांस भान राहिलें नाहीं.

आम्हीं पुतण्यास अहवाल काढण्यास सांगितलें. सर्वांत अधिक पाहिल्या गेलेल्या पानांच्या यादींत पहिलें पान त्या पांढऱ्या गाडीचेंच होतें. गाडी विकल्यावर तें काढावयाचें त्याच्या मनांत होतें. पण "किंमत आकर्षक आहे, पान लोक ओढून आणतें, राहूं द्या," असा जाहिरातवाल्यांनीं सल्ला दिला होता. मग आमच्या ध्यानांत आलें कीं, साक्रीचे ते गृहस्थ या अहवालांत यश म्हणून नोंदले जाणार. तेच पान पुन्हां पुन्हां उघडलें, त्यावर थांबले, फोनचें बटन दाबलें : पाहुण्यास मिळूं शकणारे सर्व गुण त्यांस मिळाले असतील. परतीच्या दोन एस.टी.चें भाडें आणि त्या मुलीची बुडालेली शाळा यांसाठीं त्यांत रकाना नाहीं.

पुतण्या म्हणाला, "काका, सगळेच करतात हे. ते पान काढलं तर आकडे निम्म्यावर येतील."

आम्हीं म्हटलें, "येऊं देत. त्या निम्म्यांत तुझें गिऱ्हाईक कोणतें होतें, तें सांग."

तो बराच वेळ बोलला नाहीं. नंतर त्यानें आमच्यादेखतच तें पान काढून टाकलें.

कायदाहि याविषयीं मुका नाहीं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधानें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ मध्यें जे नियम घालून दिले, त्यांत आमिष दाखविणाऱ्या जाहिरातींसाठीं वेगळें कलम आहे : जाहीर केलेल्या किंमतीस माल देण्याची वाजवी शक्यता असल्याशिवाय गिऱ्हाइकास बोलावूं नये. २०२३ च्या नियमांत एक वस्तु दाखवून दुसरी गळ्यांत बांधण्याच्या युक्तीचा स्पष्ट निषेध आहे. त्याच वर्षींच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानें लोकांचीं नांवें व मोबाईल क्रमांक त्यांच्या संमतीनें व सांगितलेल्या कामापुरतेच वापरावे, असें ठरविलें आहे. परंतु ज्या घरांत पाहुण्यास पाटावर बसवून मग पान वाढण्याची रीति आहे, त्या घरच्या मुलास हें कलमें दाखवून शिकवावें लागूं नये. रिकाम्या ताटावर पाहुणा बोलावून त्याची गणती करणें हें आपल्या घरांत बसणारें नव्हे.

मार्गशीर्षांत घरची बैठक पुन्हां बसली. तींत ठरलें तें असें : खर्च दुप्पट करावयाचा नाहीं, आहे तोच पुढील दसऱ्यापर्यंत चालू ठेवावा. जळगांवासाठीं एक व धुळ्यासाठीं एक असे निराळे फोन क्रमांक आणि निराळ्या खूणचिठ्ठ्या ठेवाव्या. मोजणीच्या यंत्राची किल्ली जाहिरातवाल्यांकडे न राहतां पुतण्याजवळ असावी. फोनपाशीं एक साधी वही ठेवून येणाऱ्या प्रत्येकास, त्याची हरकत नसल्यास, "कोठून आलांत, कसें कळलें, आणि गाडी मिळाली कां?" हें विचारून लिहावें. आणि विकलेल्या गाडीचें पान त्याच दिवशीं सायंकाळीं काढावें. हा शेवटचा ठराव वहिनींनीं सुचविला.

पुढच्या महिन्याचा अहवाल आला, तेव्हां पाहुण्यांची रेघ खालीं उतरलेली होती. पुतण्यानें तो कागद लपविला नाहीं. वही व अहवाल शेजारीं शेजारीं आमच्यापुढें ठेवले. विक्री वाढली असें म्हणण्यास एक महिना पुरेसा नाहीं, आणि तसें तो म्हणालाहि नाहीं. वहींतील पहिलें नांव साक्रीच्या गृहस्थांचें आहे. तशीच एक गाडी त्याच महिन्यांत आली, तेव्हां पुतण्यानें सर्वांआधीं त्यांस फोन केला. त्यांनीं तोंवर दुसरीकडे गाडी घेतली होती. तेंहि त्यानें त्यांच्या नांवापुढें स्वतःच्या अक्षरांत लिहून ठेवलें आहे. असो.